मावशींची उशिरा झालेली सही

लाँड्रीवाल्या मावशींशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. सरकारी वकिलांचा कारकून म्हणून मी भल्याभल्या साक्षीदारांना गोडीगुलाबीने कोर्टात आणलंय, पण मावशींनी माझा घाम काढला.

त्यांच्या दुकानाबाहेर शेजारच्या शिंप्याला एका गाडीने उडवलं. पाय कायमचा अधू झाला. गाडीवाल्याचं म्हणणं, शिंपीच पिऊन रस्त्यात आला. हे इतक्या वेळा बोललं गेलं की शिंप्याच्या बायकोलाही ते पटायला लागलं होतं. खरं काय ते फक्त मावशींच्या दुकानावरच्या कॅमेऱ्याने पाहिलं होतं. पोलिसांनी चित्रण उतरवून नेलं, पण असं चित्रण कोर्टात चालायचं तर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं प्रमाणपत्र लागतं. हे याच यंत्रातलं आहे, यंत्र नीट चालत होतं, असं त्याने सही करून सांगायचं. ते फायलीत नव्हतंच. खटला अर्ध्यावर आल्यावर आरोपीच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

मी तणतणत दुकानात गेलो. मावशी एका शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होत्या.

"हवालदार आले होते की सही घ्यायला," त्या म्हणाल्या. "मीच दिली नाही."

"का?"

"त्यात लिहिलं होतं, यंत्राची वेळ बरोबर आहे. ती कुठे बरोबर आहे? कपडे वेळेवर व्हावेत म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ पुढे ठेवते, तसंच कॅमेऱ्याचंही जावयाला करायला लावलं. हवालदारांना सांगितलं तर म्हणाले, एवढ्यातेवढ्याने काय होतं, करा सही. मला राग आला. म्हटलं, निघा."

ते निघाले, पुढे त्यांची बदली झाली, आणि नव्या माणसाला वाटलं कागद जोडलेलाच असेल. मी कपाळावर हात मारला. खरेपणाच्या हट्टापायी तुम्ही शेजाऱ्याचाच खटला बुडवायला घेतलात, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. मावशींनी इस्त्री उभी केली आणि स्टुलावर बसल्या.

"मला वाटलं, त्यांनी दुसरा कागद केला असेल. तो रोज दारावरून कुबडी टेकत जातो हो. आता उशीर झाला का?"

"झालाय. पण निकाल अजून लागायचाय."

आमच्या वकीलसाहेबांनी नवं प्रमाणपत्र तयार केलं. घड्याळ पुढे होतं, हेही त्यात लिहिलं. मावशींनी ते दोनदा वाचून सही केली. कोर्टात आरोपीचे वकील उसळले, इतक्या उशिरा आलेला कागद घेऊच नये म्हणाले. न्यायाधीशबाईंनी सरकारी बाजूला चांगलंच सुनावलं. मग आरोपीच्या वकिलांना म्हणाल्या, खटला चालू आहे, प्रमाणपत्र घेते. तुम्ही या साक्षीदाराची हवी तेवढी उलटतपासणी घ्या.

त्यांनी घेतली. "घड्याळच चुकीचं, मग यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा?"

"वेळ पुढेमागे होईल, साहेब," मावशी म्हणाल्या. "माणूस उभा कुठे होता, ते कसं बदलेल?"

मग चित्रण लावलं. शिंपी कापडाचं गाठोडं घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा होता. गाडीच फुटपाथवर चढून आली. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने पडद्यावरची नजर काढून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर पायरीवरच होतात," ती हलकेच म्हणाली.

"तेच तर सांगत होतो," शिंपी म्हणाला.