साडूचा पांढरा दगड

गटारवाल्यानं साडूच्या डोक्यात दगड घातला, ही बातमी दूधवाल्याच्याही आधी घरोघर पोचली. दुपारपर्यंत टाके सात होते, संध्याकाळी अकरा झाले. खरं इतकंच, की साडूचं डोकं शाबूत आहे आणि दगड डोक्यात घातला नाही, परत पाठवला. चांगले बारा ट्रक भरून.

गटारवाला हे गल्लीनं ठेवलेलं नाव. तो स्वतः ‘निचरा’ म्हणतो आणि कुणी गटार म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. म्हणून तर सगळे मुद्दाम म्हणतात. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडांचे डोंगर रचतात, त्या डोंगरांच्या बुडाशी पाण्याला वाट करून द्यायची, हा त्याचा धंदा. जुन्या ओढ्याच्या पात्रात भोकांचा पाइप टाकायचा, भोवती मोठे दगड रचायचे, वर जाड कापड अंथरायचं. मग त्यावर साठ मीटर दगड पडतो आणि या साहेबांची दोन वर्षांची मेहनत कायमची गाडली जाते.

“इथे अंघोळीला पाणी नाही आणि हा डोंगराला मोरी बांधतोय!” न्हावी म्हणायचा.

“चार सरी पडतात, पण पडतात तेव्हा एका दुपारी वर्षाचं उरकतात,” हा खुर्चीतून उसळायचा. “ते पाणी डोंगरात मुरतं, खाली यायला वर्षं घेतं आणि येतं ते आंबट होऊन. वाट मिळाली नाही तर डोंगराचा पायथाच घसरेल. खाली कामगारांच्या खोल्या आहेत.”

“डोकं हलवू नका, कान जाईल.”

हेही चाललं असतं. पण साडू पूल बांधतो. पूल दिसतो! पुलाचा फोटो पेपरात आला, मेहुणीनं तो चौकट करून दिवाणखान्यात लावला, आणि जेवायला बोलावलं की याचं पान नेमकं त्या फोटोसमोर. घास फोटोकडे बघत गिळायचा. भरीत भर म्हणून शाळेत याच्या मुलीला ‘माझ्या बाबांचं काम’ असं चित्र काढायला सांगितलं. तिनं एक डोंगर काढला. बाई म्हणाल्या, बाबा कुठे आहेत? ती म्हणाली, खाली.

अशात नव्या डोंगराच्या निचऱ्याला दगड कमी पडला. साडूकडे पुलाचा उरला होता: पांढराशुभ्र, टणक, हवा तेवढा मोठा. “घेऊन जा, साडूबुवा,” भर जेवणात तो म्हणाला, “तुमच्या गटाराला आमच्या पुलाचा दगड. तेवढीच शोभा!” खाणीच्या मॅनेजरनं लगेच होकार दिला. पांढरा दगड म्हणजे गारगोटी, या भागात सगळे असंच धरून चालतात, आणि गारगोटीला कोण नावं ठेवणार?

याच्या पोटात मात्र निखारा पडला. आयुष्यात एकच गोष्ट याची स्वतःची होती, जमिनीखाली का असेना. आता तिथेही साडूच जाऊन बसणार! तीन दिवस हा त्या दगडात खोट शोधत राहिला. हातोडा मारला, दगड फुटेना. पाण्यात भिजवला, उन्हात तापवला, ढिम्म. वजनाला पास, ताकदीला पास. चौथ्या दिवशी सकाळी वैतागून त्यानं तुकडा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटला आणि बायकोची व्हिनेगरची बाटली त्यावर उपडी केली.

दगडावर बारीक बुडबुडे आले.

“अगं, ये, बघ! फसफसतोय!”

“दगड की तुम्ही?” बायको म्हणाली.

गारगोटी कसली, चुनखडी होती ती. डोंगरातलं आंबट पाणी तिला चाटत राहणार, विरघळलेला चुना पुढे दगडांच्या फटींत जाऊन बसणार आणि काही वर्षांत सगळी वाट तुंबणार. ताकद सगळ्यांनी तपासली होती. कोरड्या मुलखात आंबट पाण्याचा विचार करतो कोण? मॅनेजरनं स्वतः थेंब टाकून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि ट्रक परत फिरवले. आमचा गटारवाला त्या दिवशी शीळ घालत घरी आला. बाबांना अशी शीळ घालता येते हे मुलीला पहिल्यांदाच कळलं, आणि तिनं आईला विचारलं, बाबांना बरं नाही का?

संध्याकाळी साडू आला. आत न येता फाटकातच उभा राहिला, आणि शेजारच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

“दगड वाईट निघाला, मान्य,” साडू म्हणाला. “पण खरं सांगा, साडूबुवा. माझा होता म्हणूनच हात धुऊन मागे लागलात ना? जळता माझ्यावर!”

“जळतो की. जळत नसतो, तर तुमचा दगड पहिल्याच दिवशी पास केला असता.”