आदी माती, मंग दिवा

आमच्या घरात भांडण पेटलं की माझी बायको आधी उठून दार उघडायची. लोक दार लावून घेतात, हिची तऱ्हा उलटी. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडायची आणि भांडण संपलं की तेवढ्याच मोठ्यानं विचारायची, "अवो, च्या ठेवू का?" लोक हसतात म्हणून मी चिडायचो. ती म्हणायची, "हसू द्या. झाकलेलं कालवण आन झाकलेलं भांडण, दोनी आंबतात."

तिचं नाव एस्तेर. गावाच्या तोंडी इस्तरबाई. बाळापूरच्या अलीकडं आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घरं बोटावर मोजावीत एवढी. मी चौथीतून शाळा सोडली. ती सातवीपर्यंत गेलेली, म्हणून घरात बायबल तीच वाचायची. मी ऐकायचो, कधी डुलकी लागायची. लागली की पुस्तकाच्या कडेनं डोक्यात टोला. देवाच्या वचनाचा मार म्हणतात तो मी खराखुरा खाल्लेला आहे.

आमचं एकच लेकरू, सारा. तापानं गेली. दुधाचे दातही पडले नव्हते तिचे. ओढ्याकाठी आमची दफनभूमी आहे, तिथं तिला पुरलं. वर बाभळीचा क्रूस ठोकला. त्याला वाळवी लागायची, म्हणून इस्तर दर नाताळाच्या आधी नवा क्रूस लावायची.

दफनभूमीला लागून बापूरावाचं वावर. तालेवार माणूस. तो दरसाली नांगरताना बांध कोरायचा. एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आमच्याकडं सरकायची. आमची जुनी माणसं बघायची आणि गप बसायची. आपण शांतीची लेकरं, शेजाऱ्याशी वाद कशाला, म्हणायची. इस्तर प्रार्थनाघरात भर मंडळीत उभी राहून म्हणायची, "त्यानं दरसाली एक तास कोरलं, आन तुमी दरसाली एक गाणं म्हणलं. आता मेलेली माणसं उठून बांध घालतील व्हय?" मंडळी म्हणायची, बाईला तोंड फार.

मग ते साल आलं. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी रानं तयार होऊन राहिली होती. सकाळी बापूरावाचा ट्रॅक्टर बांध तोडून थेट कबरींवर चढला. आम्ही दोघं धावत पोचलो तेव्हा फाळाला कुणाच्या तरी कफनाची चिंधी अडकलेली होती. हाडं वर आली होती. ढेकळांत एक जबडा पडलेला, दात तसेच. इस्तरनं पदर पसरला आणि गोळा करायला लागली. कोणतं हाड कोणाचं, काय कळणार? लहान दिसलं की थांबायची, हातात धरून बघायची, मग पदरात टाकायची.

बापूराव ओरडला, "ए बाई, सरक! न्हाई तं तुलाबी हितंच गाडतो."

ती ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाऊन बसली. म्हणाली, "गाड की. जागा आमचीच हाय."

त्यानं जॅकचा लोखंडी दांडा काढला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. तिसरा अडवायला तिनं हात वर केला आणि हात कोपराखाली मोडला. तो आवाज मी ऐकला. वाळकी तुराटी मोडावी तसा. मला त्याच्या दोन गड्यांनी मातीत दाबून धरलं होतं, एकाचा गुडघा माझ्या मानेवर. इस्तर पडली, पण पदराची गाठ सोडली नाही. तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर आला. बापूराव वाकून बघायला लागला तसं ती म्हणाली, "ह्योबी तुज्याच वावरात पेर."

हाताला प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आणलं. मी कुऱ्हाड काढली. पाणी मारून दगडावर घासत बसलो. डोक्यात दुसरं काही नव्हतं. बापूरावाची मान आणि ही धार. तोंड धुवायला उठलो, वळून बघतो तर ही कुऱ्हाडीवर मांडी घालून बसलेली.

"ऊठ."

"न्हाई."

"इस्तर, ऊठ. आज त्याला ठेवत न्हाई."

"त्याला मारलं तं त्याला जाळाया त्याची माणसं हायेत, लाकडं हायेत. तुमाला फाशी झाली तं पुरू कुठं? हाय का जागा? आदी जागा आणा, मंग कुणाला मारायचं ते मारा."

मी तिला शिव्या दिल्या. तिनंही दिल्या, सुजलेल्या तोंडानं. दार अर्थातच सताड उघडं. पण ती उठली नाही. धारेनं लुगडं कापलं गेलं, तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी बापूरावाच्या माणसांची दगडं आमच्या गल्लीवर पडली. पत्र्यांचा आवाज असा की कानाला हात लावावेत. शेजारच्या म्हातारीचं कपाळ फुटलं. दगडं थांबली तशी इस्तर बाहेर आली आणि एका हातानं एक एक दगड उचलून दाराजवळ रचायला लागली. मला वाटलं, फेकायला जमवते. म्हणाली, "फेकाया न्हाई. बांधाला लागतील."

हे झालं आगमनकाळाच्या तोंडावर. नाताळाआधीच्या चार रविवारांना आम्ही तसं म्हणतो. दर रविवारी एक पितळी दिवा लावायचा. पहिला आशेचा, दुसरा शांतीचा. आमच्या मंडळीची रीत अशी की शांतीचा दिवा त्या घरानं लावायचा, ज्याचं त्या वर्षात भांडण झालं आणि मिटलं. दोन्ही बाजूंची माणसं शेजारी उभी राहतात, दिवा लागला की हात मिळवतात आणि मग ते भांडण पुन्हा कुणी काढायचं नाही. रीत चांगली आहे. पण त्या साली गावातल्या चार शहाण्यांनी आणि उपासना चालवणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांनी मिळून ठरवलं की दिवा इस्तरबाई लावील. बापूराव येईल, हात जोडील. ठाण्यात फिर्याद द्यायची नाही. जागेचं नंतर बघू.

रविवारी बापूराव खरंच आला. उपरणं खांद्यावर, प्रार्थनाघराच्या दाराशी उभा. म्हणाला, "झालं गेलं इसरून जा, बाई."

इस्तरचा एक हात गळ्यात बांधलेला. काडी कशी ओढणार? म्हणून पाळकसाहेबांनी स्वतः काडी पेटवून तिच्यापुढं धरली. तिनं फुंकर मारून विझवली. त्यांनी दुसरी पेटवली. तीही विझवली.

"बाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "येणारा प्रभू शांतीचा अधिपती आहे."

"अधिपती हाय ना साहेब? मंग न्याव कराया येऊन राहिला, पांघरूण घालाया न्हाई. मरियाबाईनं पोटुशी असताना गाणं म्हणलं, त्यात गादीवरच्यांना खाली ओढलंय. ते तुमी दर नाताळाला घाईघाईनं वाचता." मग ती बापूरावाकडं वळली. "दादा, तुजा माजा हात मिळल. ह्यो मोडका हातबी मी पुढं करीन. पण आदी आमची माती परत दे, आन हितं उभं राहून सांग, हाड कुणी मोडलं. आदी माती, मंग दिवा."

बापूराव खाली थुंकला आणि निघून गेला. इस्तरनं दिवा उचलून पदराखाली घेतला आणि घरी आणला. त्या साली आमच्या मंडळीनं शांतीच्या दिव्यावाचून नाताळ केला. कित्येक जण आमच्याशी बोलेनासे झाले. बापूरावावर नाही, आमच्यावर रागावले. बाईनं सण नासवला म्हणाले.

ती ठाण्यात फिर्याद देऊन आली, ती तारखांतच अडकून पडली. मोजणीसाठी तालुक्याला खेटे घातले. कळमनुरीच्या एसटीत मोडका हात मांडीवर ठेवून बसायची आणि शेजारी कोण बसलंय त्याला सगळी हकिकत सांगायची. मी म्हणायचो, अगं परक्या माणसाला काहून सांगतेस? "दार उघडं ठेवून राहिले," म्हणायची.

मोजणीच्या दिवशी पुन्हा मारामारी झाली. मोजणीची साखळी धरणाऱ्या माणसाला ढकललं, माझी बरगडी गेली. पण हद्दीचे दगड रोवले गेले आणि जमीन परत आली. त्या दिवशी इस्तरनं दारातली दगडं घमेल्यात भरून नेली आणि बांधाला लावली. पदरात गोळा केलेली हाडं इतके दिवस घरी गाठोड्यात होती, ती पुन्हा पुरली. साराची जागा नक्की कोणती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अंदाजानं क्रूस रोवला. त्या क्रूसाजवळ बसून ती रडली. मारानं रडली नव्हती ती.

माती मिळाली, पण हाड कुणी मोडलं ते बापूराव कधी बोलला नाही. म्हणून दिवाही लागला नाही. इस्तरचा हात वाकडाच बसला. दर आगमनकाळात दुसऱ्या रविवारी ती दिवा चिंचेनं घासायची, तेल घालायची, नवी वात वळून ठेवायची. आणि ठेवून द्यायची. नव्या पाळकांनी एकदा विचारलं, लावायचा नाही तर तयारी कशाला? म्हणाली, "पाव्हणा कवा येईल सांगता येतं का? आल्यावर वात शोधत बसू?"

यंदा सोयाबीन निघालं आणि ती गेली. छातीत कळ आली, च्याचं आधण चुलीवर तसंच राहिलं. साराच्या क्रूसाशेजारी खड्डा खणला. कुणी अडवलं नाही. बापूराव त्याच्या बांधावर उभा होता. आता काठी टेकतो, मान हलते. माती ओढून होत आली तशी म्हणाला, "बाई लई खमकी व्हती."

मी खोरं टाकलं आणि त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "बापूराव, तिचा हात कुणी मोडला?"

तो खाली बघत राहिला. मीही हललो नाही. त्याचे ओठ हलले असं मला वाटलं. मग नातवानं त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन गेला.

आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. नवे पाळक सकाळीच येऊन गेले. म्हणाले, "काका, आता बाई शांतीत गेल्या. यंदा तरी दिवा लावू या." मी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणालो. ते गेल्यावर दिवा चिंचेनं घासला. मला वात वळता येत नाही, ते तिचं काम. तीनदा सुटली, चौथ्यांदा जमली. तेल घातलं. काडीपेटी शेजारी ठेवली आहे.

दार उघडं आहे. बापूरावाचं घर इथून दिसतं.