सुकटीच्या डब्यातला दगड

दर हिवाळ्यात एक साहेब रेवदंड्याला आमच्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसत. सरकारी नोकरीतले दगडांचे जाणकार. आकाशातून पडला म्हणून लोक आणतील तो दगड भिंगाखाली धरत, दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक त्याच्याजवळ नेत आणि दोन्ही हातांनी परत देत म्हणत, "आपल्याच डोंगरातला आहे. पण छान आहे."

एकदा एका कोळीणबाईने सुकटीचा डबा आणला. तिच्या डोळ्यांदेखत वाळवणात पडलेला काळा, ठिसूळ दगड त्यात होता. त्यांनी भिंगातून बघितलं, भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं.

"धुतलात का?"

"न्हाय. पानी लागलं की सुकट नासते, मंग ह्यो न्हाय नासायचा?"

ते माझ्याकडे वळले. "कार्बनी उल्कापाषाण, मास्तर. बहुधा दुसऱ्या प्रकारातला, पाणी मुरलेला. चिकणमातीसारखी खनिजं, काजळी, ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचे बारीक मणी. आणि खनिजांत बांधलेलं पाणी, पृथ्वीइतकं जुनं."

दगड परत द्यायला त्यांचे हात पुढे होईनात. शेवटी बाईच म्हणाली, "न्या. पन पान्यापासून जपा."

"हो, बाई."

एरवी खाडी ओलांडताना ते आपली उपकरणांची पेटी मांडीवरून हलवत नसत. त्या दिवशी पेटी होडीच्या तळाशी भिजत राहिली, आणि साहेब सुकटीचा डबा डोक्यावर धरून पैलतीरापर्यंत उभे होते.