देवाच्या फरशीमागच्या सात ओळी

हमीदमामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकायला गेलो होतो. दीड महिना झाला त्याला. फोन करणारा म्हणाला, "आपल्या बारवेचा माणूस गेला." दुःखाच्या आधी मला राग आला. मामू जिवंत असताना बारवेवर त्यांचा शब्द कुणी चालू दिला नव्हता, आणि त्यात पहिला मी होतो.

मामू गवंडी. आमच्या गावात जुनी, पायऱ्यांची विहीर आहे, तीच ही बारव. पलीकडे पडलेल्या देवळाचे चार खांब आणि चिंचेखाली तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड. कुणी पाहुणा आला की मामू हातातली थापी ठेवून निघत. वीरगळावर बोट ठेवून सांगत, खाली हा गाईंसाठी लढला, मधे अप्सरा त्याला उचलून नेताहेत, वर महादेवापुढं बसलाय. मग म्हणत, "बगा, मेल्यावर याला न्यायला चौघी आल्या. आमाला जित्तेपनी एक एसटी येत न्हाई."

त्यांचा जीव मात्र बारवेच्या आतल्या भिंतीतल्या शिलालेखात होता. सात ओळी. गावात त्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. "वाचनारा येईल कवातरी. तवा म्या बाजूला हुबा पायजे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी उपसरपंच झालो. पोरं बारवेत बसून गुटखा थुंकत, भिंत लाल झालेली, आणि स्वच्छतेच्या तपासणीला माणसं येणार होती. मी शक्कल काढली... देवांची चित्रं असलेल्या चकचकीत फरश्या बसवू, मग कोण थुंकतंय? मामू लेकीकडे गेले होते. चार दिवसांत लेखावर सिमेंट चढलं. थुंकणं थांबलं आणि लोकांनी माझी पाठ थोपटली.

मामू परतले ते भिंत बघून थेट माझ्या घरी आले. "दिगंबर, काहून केलं रे बाबा हे?" मी खुर्ची पुढं केली. ते उभ्यानंच म्हणाले, "म्या काढून देतो. एक अक्षर दुखवनार न्हाई. पर गावसभेत तू उठून सांग. देवाच्या फरशीला हमीदची छिन्नी लागली तर उद्या काय व्हईल, ते तुला म्या सांगावं का?"

"बघू मामू," मी म्हणालो. तीन वर्षं हेच म्हणत राहिलो. आधी निवडणूक जवळ होती, नंतर ती होऊन गेली, तरी मी उठलो नाही. मला मतांची भीती होती, दुसरं काही नाही. शेवटचे भेटले तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. "आता तू व्हय म्हनला तरी जमायचं न्हाई," असं म्हणून ते हसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शोकसभेत भाषणांना ऊत आला. 'इतिहास जपणारे मामू', 'गावाचं भूषण'... फरश्या लावल्यावर पाठ थोपटणारेच बोलत होते. माझं नाव पुकारलं तेव्हा माझा आवाज चढला. फरश्या मी लावल्या, खाली लेख आहे, मामूंनी विनवण्या केल्या आणि मी घाबरलो, हे सगळं सांगून टाकलं. मागून पार्वतीकाकू म्हणाल्या, "मंग काढ की! देव काय भित्तीला चिकटून बसलाय व्हय?" दोन-चार जण हसले. कुणीही विरोध केला नाही. ज्या गोष्टीला मी तीन वर्षं घाबरलो, ती एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी मीच छिन्नी घेऊन बारवेत उतरलो. पहिली फरशी नीट निघाली. दुसरीच्या सिमेंटला चिकटून दगडाचा पापुद्रा आला आणि त्याच्याबरोबर लेखातली तीन अक्षरं. मी थांबलो. असलं काम जाणणारं माणूस मिळेपर्यंत आता भिंतीला हात लावणार नाही.

ती दुसरी फरशी माझ्या टेबलावर आहे, अक्षरांचा पापुद्रा वर, देवाचं चित्र खाली. बायको रोज म्हणते, देव असा पालथा ठेवू नये. मी ती सुलटी करत नाही.