सांधलेला पाइप

इतकी वर्षं झाली, अंगावरची खाकी उतरली, तरी त्या पाइपचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही. खुनाचे तपास विसरलो. हे नाही विसरलो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मुरुडला फौजदार होतो. संस्थान विलीन झालं होतं, पण त्या नोकरीत मोठे झालेले काही लोक अजून त्याच तोऱ्यात वावरत. त्यातलेच एक निवृत्त अधिकारी सकाळी सकाळी ठाण्यात आले. अलिबागला जाताना टेबलावर शाबूत ठेवलेला, चांदीच्या कडीचा जुना विलायती पाइप परत आल्यावर जागेवर नव्हता. संशय घरच्या म्हाताऱ्या गड्यावर. "आत घ्या आणि दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलेल," असं मलाच शिकवून गेले.

पंचनाम्यासाठी बंगल्यावर गेलो. बाईसाहेब दाराआड उभ्या होत्या, पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला. पदराखाली पट्टी दिसली. "चौकट लागली," म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

गड्याला ठाण्यात आणलं. आतल्या गावचा कुणबी, अर्धं आयुष्य त्या घरात राबलेला.

"पाइप कुठे आहे?"

"इलायती चिलीम? मला न्हाय ठाव, साहेब."

"मग दुसऱ्या कुणाला ठाऊक?"

चोर नेहमी आपल्या तोंडाकडे बघतो, फौजदाराला कितपत कळलंय हे ताडायला. हा जमिनीकडे बघत होता. असा माणूस बहुधा दुसऱ्याचं काहीतरी झाकत असतो. हवालदार बाह्या सावरायला लागला, त्याला मी बाहेर काढलं. पण गडी काही बोलेना. नोकराने मालकाच्या घरी केलेली चोरी कायदा साधी धरत नाही. म्हातारा तुरुंगात गेला असता तर जिवंत बाहेर आला नसता.

दुपारी आगरदांड्याहून खबर आली. होडीवाल्याने सांगितलं, हा गडी फडक्यात काहीतरी बांधून खाडीपलीकडे दिघीला गेला होता आणि हात हलवत परत आला. दिघीत चोरीचा माल घेणारा कोण? कुणीच नाही. पण एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांना एक विचित्र नाद होता. गोरे साहेब लोक टाकून गेलेले मोडके पाइप गोळा करायचे, घासूनपुसून सांधायचे आणि कपाटात मांडून ठेवायचे. स्वतः ओढत नसत. विडीसुद्धा नाही!

खाडी ओलांडून त्यांच्या घरी गेलो. मला बघून मास्तरांची बोबडीच वळली. "अहो, ते स्पिरिट फक्त पाइप धुवायला हो!" म्हणत बाटली पुढे केली. दारूबंदीचे दिवस, त्यांना वाटलं त्यासाठीच आलो. मला हसू आलं. त्या प्रकरणात हसलो तो तेवढाच.

पाइप टेबलावरच होता. दांडी तंबाखूच्या वाटीपाशी मोडली होती. मास्तरांनी आतून बारीक पितळी नळी घालून ती सांधली होती.

"गड्याने आणला. साहेब यायच्या आत नीट करून द्या म्हणाला. हाता-पाया पडत होता."

"हातातून पडून मोडला असेल?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागदाची पुडी उघडली. आत लाल चिकट कण होते. "वाटीच्या नक्षीत हे भरलं होतं. आधी वाटलं, लाख. जन्मभर टपालाच्या थैल्यांना लाख लावली, म्हणून जरा ऊब देऊन पाहिली. लाख नाही, मेण आहे. आमची ही होती तेव्हा रोज बघायचो. आधी कपाळाला मेण, मग त्यावर कुंकू." पुडी मिटत म्हणाले, "फौजदारसाहेब, पाइप जमिनीवर नाही आपटलेला."

मला ती पट्टी आठवली. माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी बंगल्यावर जाऊन पाइप आणि पुडी साहेबांसमोर ठेवली. "शाबूत ठेवून गेलो म्हणालात. मग हा मोडला कशावर?"

साहेब गरजले, "माझ्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसायचं कारण नाही!"

तेवढ्यात बाईसाहेब दाराआडून पुढे आल्या. "माझ्या कपाळावर मोडून हे तसेच अलिबागला गेले, मग पाइप मीच दिला गड्याकडे. परत आल्यावर हा मोडका दिसला असता, तर त्याचाही राग माझ्यावरच निघाला असता. आणि हे ठरल्या दिवसाच्या आधीच आले. त्या म्हाताऱ्याला सोडा. मी बोलू नये अशी शपथ घातली होती त्यानं मला."

मी नवऱ्यासमोरच विचारलं, "बाई, तुम्हाला फिर्याद द्यायचीय? मी लिहून घेतो, आत्ता, इथेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देईन हो. पण रात्री परत यायचं कुठं?"

त्यांनी फिर्याद दिल्याशिवाय कायद्याने मला हात घालता येत नव्हता. चोरी झालीच नव्हती, तेव्हा तपास बंद. पाइप साहेबांचा, तो साहेबांना परत. घेताना त्यांनी सांधा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "वा! काम मात्र झकास केलंय." खोट्या फिर्यादीबद्दल मी वर अहवाल पाठवला. वरून तोंडी निरोप आला, प्रतिष्ठित गृहस्थ आहेत, वाढवू नका.

नोकरीत मला शिकवलं होतं की मुद्देमाल सापडला की अर्धा तपास संपला. इथे सगळाच संपला होता. वस्तू सापडली, निरपराध सुटला, खरं काय ते कळलं, आणि त्या बाईच्या वाट्याला त्यातलं काहीही आलं नाही. खरं कळणं आणि न्याय होणं यात केवढं अंतर असतं, ते मला त्या बंगल्यात समजलं, आणि त्याची चीड आजही येते.

गड्याला सोडलं तेव्हा वाटलं, म्हातारा हात जोडेल, आनंदाने रडेल. त्याने आधी विचारलं, "बंगल्यावरचे साहेब मला कामावर घेतील का?"

"नाही. बंगल्याच्या फाटकातसुद्धा पाऊल टाकायचं नाही म्हणालेत."

तो पायरीवर बसला. "मंग मला कशापायी सोडलंत?" म्हणाला. "त्यांचा हात उठला की मधी मी पडायचो. त्या दिशी बाजारात गेल्तो, म्हून बाईसाहेबांना लागलं. आता मधी कोन पडंल?"