आईचा शालू फ्रीजरमध्ये

आई गेल्यावर चार-पाच महिन्यांनी तिचा लग्नातला शालू उलगडला, तर घडीतून बारीक भुसा मांडीवर पडला. कसर लागली होती. पदराजवळ भोकं होती आणि एका भोकाच्या कडेला काहीतरी वळवळत होतं.

मी तेव्हा जुन्या वस्तू आणि कारागिरीच्या इतिहासात एम.ए. करत होते. कापडातली कीड थंडीने मारतात, हे वर्गात शिकवलं होतं. कापड पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायचं. बाहेर काढल्यावर गार पिशवी उघडायची नाही, नाहीतर कापडावर दव धरतं. अंडी उरतात, म्हणून हे सगळं पुन्हा एकदा करायचं. परीक्षेत मी हे न अडखळता लिहिलं असतं. मुलुंडच्या घरात फ्रीजरमधली बांगड्याची पाकिटं बाजूला सारून मात्र मी दार दोनदा लावलं आणि पुन्हा उघडलं. भाऊ परदेशातून येईपर्यंत आईला शवागारात ठेवलं होतं.

बाबांना सांगितलं नाही. ते फ्रीजरकडे फिरकत नसत. मी मात्र लाइट गेली तरी दचकायचे. कीड मरण्याऐवजी रेशीमच तडकलं तर?

दोन आठवड्यांनी पिशवी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि मी आंघोळीला गेले. परत आले तर बाबा तिची चिकटपट्टी नखाने सोडवत होते.

"बाबा, उघडू नका!"

"केवढ्याने ओरडतेस गं! मला वाटलं मटण आणलंस." मग प्लास्टिकमधून त्यांना शालूची जर दिसली. मी सगळं सांगितलं. ते पिशवीवरून हात काढून म्हणाले, "तिला थंडीत ठेवलंस?"

'तिला नाही, शालूला' अशी दुरुस्ती मी केली नाही.

संध्याकाळी पांढऱ्या चादरीवर शालू पसरला. रेशीम धड होतं. वळवळ नव्हती.

"झालं ना आता?"

"अजून एकदा ठेवावा लागेल. अंडी असतील."

"नको. खाऊ देत किड्यांना."

"मग काहीच उरणार नाही, बाबा."

त्यांनी पदराजवळच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग नवी पिशवी त्यांनीच उघडून धरली. मी घडी आत सरकवली, त्यांनी तळहाताने हवा दाबून काढली, अगदी हळू, दुखणार नाही अशा बेताने. फ्रीजरचं दार मला लावता येईना. ते त्यांनी लावलं.