फॉर्मवरची वेळ : अकरा वीस

रस्त्यात उतारा दिसला की मुद्दाम त्याच्यावरूनच गाडी घालणारी बाई मी. भानामती, करणी वगैरे ऐकलं की हसू यायचं. आज हे लिहिताना भीतीपेक्षा किळस जास्त येतेय... स्वतःची.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. लहान मुलांचा स्नायूंचा एक दुर्मिळ आजार कसकसा वाढत जातो, त्याच्या अभ्यासात काम करते. काम म्हणजे काय — दर सहा महिन्यांनी घरी जायचं, मुलाला जमिनीवर बसवायचं, 'ऊठ' म्हणायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. औषध नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं.

सोलापूरजवळच्या कुंभारीची श्रावणी नऊ वर्षांची. मागच्या वेळी तिला उठायला सात सेकंद लागले होते. या मे महिन्यात तिची फेरी आली आणि मला उन्हाचा कंटाळा आला. घरीच कूलरसमोर आंबा खात फॉर्म भरला. खोटा आकडा टाकला तर पुढच्या वेळी अंगाशी येईल, म्हणून लिहिलं — 'उठता येत नाही.' पुढच्या फेरीपर्यंत तसं होणारच होतं की! वेळ टाकली अकरा वीस. 'मी स्वतः पाहिलं' या ओळीखाली चिकट हातांनीच सही केली. शी!

आठवडाभरात मन खायला लागलं, म्हणून गेले. श्रावणी सतरंजीवर बसलेली. तिची आई बिड्या वळता वळता म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुमी येणार म्हणून हिनं सोताच सतरंजी टाकली, बसली. मी कारखान्यात बिड्या द्यायला निघाले, घड्याळ बघितलं — अकरा वीस. म्हणलं, ऊठ, दार लाव. तर हिला उठताच येईना! तवापासून न्हाय उठली."

ना पडली, ना ताप. हा आजार असा एका मिनिटात पाय काढून घेत नाही, हळूहळू झिजवतो.

आईनं भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. एक घास खाऊन मी ताट बाजूला सारलं.

घरी येऊन कोरा फॉर्म घेतला. तोच पेन. लिहिलं — 'उठली, सात सेकंद.' वेळ टाकली उद्याची, अकरा वीस. दुसऱ्या दिवशी अकरा वीसला फोन लावला.

"न्हाय की मॅडम, कशी उठंल? पण तुमचा फोन म्हणल्यावर हिनं मला सतरंजी टाकाय लावलीया."

असं का झालं, मला आजही सांगता येत नाही. तो पहिला फॉर्म मागे घ्यायला ऑफिसात गेले होते. पण काय सांगून मागणार? माझी सही सोडली तर त्यात आता काहीच खोटं नाही.